टाचणीचे कागद

केस मुळासकट यायला हवेत, मधेच तुटलेले चालणार नाहीत, असं तपासनीस बाईंनी दोनदा सांगितलं होतं. मुलीने आयाळीतली पाच-सहा केसांची बट तर्जनीला गुंडाळली, मनगटाला झटका दिला आणि बोट उजेडात धरलं. प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक पांढरा कंद होता. तिने ते पाकिटात सोडले. तीस हवे होते, सत्तावीस झाले होते.

घोडीने नुसता कान हलवला. वडील तिच्या जबड्याखाली हात धरून उभे होते. तीस वर्षं घोड्यांना नाल ठोकणारा हात. लाथ बसून त्याची दोन बोटं वाकडी झाली होती, पण घोड्याच्या अंगावर असताना तो कधी थरथरला नव्हता. मुलीने आज त्या हाताकडे दोनदा पाहिलं.

"दोर एवढा आखूड का ठेवलाय?" तपासनीस बाईंनी विचारलं.

दोर तसा चांगला लांब होता, पण मधे एक जाड गाठ मारून तो निम्मा केलेला होता.

"सवय आहे तिला," वडील म्हणाले.

घोडी घरी आली तेव्हापासून ती गाठ तिथे होती. तिच्यामुळे घोडीचं तोंड अंगणाच्या एका कोपऱ्यापर्यंत पोचत नसे. त्या कोपऱ्यात गुडघाभर गवत होतं आणि ते कुणी कापत नसे. मुलगी तेरा वर्षांची असताना वडिलांनी तिला सांगितलं होतं, तिथे साप आहे. साप कधी दिसला नाही. पुढे कॉलेजात मातीचं परीक्षण शिकवलं तेव्हा तिने त्या कोपऱ्यातली मूठभर माती बरणीत भरली. वडिलांनी ती बरणी तिच्या हातातून काढून घेतली आणि तशीच भट्टीत टाकली. काच तडकल्याचा आवाज तिला अजून आठवत होता. त्यानंतर तिने काही विचारलं नव्हतं.

तीस केस झाले. बाईंनी पाकीट चिकटवून त्यावर सही केली आणि पिशवीतून कातडीखालची चिप वाचायचं यंत्र काढलं. टेबल-टेनिसच्या बॅटीएवढं होतं.

"अर्जात तर लिहिलंय, चिप नाही."

"नाही," वडील म्हणाले.

"मग काय, एक मिनिटाचं काम."

अर्ज मुलीने भरला होता. नवा नियम आला होता: शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक घोड्याची नोंद महिनाअखेर व्हायला हवी. नोंद नसेल त्याला कोंडवाड्यात नेणार, आणि एकवीस दिवसांत मालक सिद्ध झाला नाही तर लिलावात काढणार. लिलावात म्हातारी-कोतारी जनावरं वजनावर जात होती. अर्जात दोन चौकोन होते. 'साधं जनावर' यावर खूण केली की खिडकीतून पितळी बिल्ला मिळे आणि काम संपे. 'नोंदणीकृत जातीचं जनावर' यावर खूण केली की तपासणी येई. वडील नेहमी म्हणत, आपली घोडी टाचणी जातिवंत आहे, कागद तेवढे हरवले. मुलगी दीड वर्षं पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. चुकीच्या चौकोनात खूण करणं तिच्या हाताला जमत नव्हतं. तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली, हरवलेल्या कागदांची प्रत मिळावी म्हणून विनंती जोडली, आणि पाठवून झाल्यावर वडिलांना सांगितलं. चिमट्यातला लाल नाल त्यांनी ऐरणीवर ठेवला आणि तो काळा पडेपर्यंत त्याच्यावर हातोडा उचलला नाही.

बाईंनी यंत्र घोडीच्या मानेच्या डाव्या बाजूने फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. वडिलांचा श्वास सुटलेला मुलीला ऐकू आला.

"कधी कधी चिप खाली सरकते," बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि यंत्र हळूहळू मानेवरून खांद्याकडे उतरवत नेलं.

यंत्र वाजलं.

आवाज बारीक होता, मनगटी घड्याळाच्या गजरासारखा. बाईंनी पडद्यावरचे पंधरा आकडे वहीत उतरवले आणि अंगणातच उभं राहून कार्यालयाला फोन लावला. आकडे दोन-दोन करून सांगितले. मग बराच वेळ त्या फक्त ऐकत राहिल्या.

"हा आकडा एका शिंगराचा आहे," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीचं. चार महिन्यांचं असताना मेलं. फार्मच्या डॉक्टरांच्या सहीने मृत्यूची नोंद आहे."

पायरीवर बसून लोकरीचा गुंता सोडवणारी आत्या, वडिलांची थोरली बहीण, मान वर करून म्हणाली, "म्हणजे मेलीला रोज दोन बादल्या पाणी पाजतेय मी?"



बाई मुलीकडे वळल्या. त्या तिच्याशीच बोलत होत्या, कारण अर्जावर तिची सही होती. एक तर मेलेल्या शिंगराची चिप काढून हिच्यात घातली असेल, नाहीतर जिवंत शिंगरू मेलं असं दाखवून कुणी पळवलं असेल. तिसरी शक्यता त्यांना तरी सुचत नव्हती. फार्म विकला गेला होता. नव्या मालकांना पत्र जाईल. केसांचा डीएनए अहवाल यायला आठवडा लागेल. दहाव्या दिवशी सुनावणी. तोवर घोडी इथून हलवायची नाही. घोडी या घरात कशी आली ते सांगणारा कागद किंवा माणूस, दोन्हींपैकी एक आणायचं.

"आणि नाही मिळालं तर?" मुलीने विचारलं.

"त्या दिवशी गाडी बरोबरच असेल आमच्या," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त खरं वाटलं.

त्या गेल्यावर वडिलांनी घोडीच्या जबड्याखालचा हात काढला. त्यांचा तळवा ओला झाला होता.

*

त्यांनी संध्याकाळी सांगायला सुरुवात केली. भट्टी विझत आली होती. मुलगी खिळ्यांच्या पेटीवर बसली होती आणि ते तिच्याकडे पाठ करून अवजारं भिंतीला टांगत होते. प्रत्येक अवजार टांगून झालं की थोडं बोलत.

त्या फार्मवर ते नालबंद होते. शिंगरू जन्मलं तेच पुढचे पाय आखडलेलं. खूर जमिनीला टेकतच नसत, टोकावर उभं राहायचं. टाचणीवर उभं राहिल्यासारखं. मुलीला आजवर वाटत होतं की घोडी सडपातळ म्हणून ते नाव.

चार महिने वाट पाहून मालकाने एके सकाळी सांगितलं, संध्याकाळच्या आत संपवा. त्या फार्मची एक रीत होती: आधी कागद, मग काम. मालक दुपारी निघून जात, आणि सगळ्या सह्या त्याआधी व्हाव्या लागत. डॉक्टरांनी गाडीच्या बॉनेटवर मृत्यूचा दाखला भरला, मालकाने त्यावर सही केली. शिंगरू तेव्हा दहा पावलांवर उभं होतं. डॉक्टरांनी मोठी सिरिंज भरली, आणि तेवढ्यात दुसऱ्या तबेल्यातली घोडी अडल्याचा निरोप आला.

"मला म्हणाले, मानेच्या शिरेत दे, तुला येतं. आणि गेले."

"येत होतं तुम्हाला?"

"दोनदा दिलेलं. त्यांच्या समोर."

वडिलांनी चिमटा खुंटीला लावला. तो नीट बसला नाही, त्यांनी काढून पुन्हा लावला.

शिंगराने त्यांच्या कातडी आप्रनचा पट्टा तोंडात धरला होता आणि चोखत होतं. त्यांनी सुईला टोपण लावलं, सिरिंज खिशात घातली, आणि शिंगराला उचलून कोळशाच्या पोत्यांमागे गाडीत ठेवलं. खुरापुढे लोखंडी पट्टी वाढवून पाय सरळ करता येतात हे त्यांना माहीत होतं. आठ महिने लागले.

"आणि ते औषध?"

वडिलांनी कोपऱ्याच्या दिशेने नुसती मान हलवली.

ते औषध साधं नसतं, ते म्हणाले. त्याने मारलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर ते खाणारा कुत्राही मरतो. मातीत किती वर्षं राहतं कुणास ठाऊक. मुलीला ठाऊक होतं, निदान कुठे शोधायचं ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काही विचारलं नाही आणि वडिलांनी काही सांगितलं नाही. महिन्याभरात त्यांनी फार्मचं काम सोडलं. त्यानंतर रस्त्यात डॉक्टर दिसले की ते दुसऱ्या बाजूला जात. चोराच्या मनात चांदणं, ते म्हणाले. डॉक्टर ज्या नजरेने बघायचे ना, मला वाटायचं यांना कळलंय, फक्त कधी बोलायचं ते ठरवतायत.

मग त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून खिळ्यांचा एक जुना डबा उतरवला. खिळ्यांखाली चार घड्या घातलेला कागद होता. घड्यांवर गंजाचे डाग पडले होते.

"दाखल्याची नक्कल. डॉक्टरांनी त्याच वेळी हातात दिलेली. मी वाचली नाही कधी."

"अकरा वर्षं?"

"काय वाचायचं त्यात. माझ्या चोरीचा पुरावा आहे तो." त्यांनी भट्टीकडे पाहिलं. निखाऱ्यांवर अजून लाली होती. "तू म्हण. टाकतो."

मुलीने कागद त्यांच्या हातातून घेतला. उजेडाला धरून सवयीने पहिल्या ओळीपासून वाचत गेली, छापील मजकूरसुद्धा. चिपचा आकडा. रंग, भोवरे, पायांची खूण. मृत्यूचं कारण. नवव्या रकान्यात 'विल्हेवाट' असं छापलेलं होतं आणि पुढे डॉक्टरांच्या हाताने लिहिलं होतं: 'नालबंदाच्या ताब्यात दिले. यापुढे फार्मचा हक्क नाही.' खाली मालकाची सही.

आतापर्यंत वडिलांचं नाव कुठेच नव्हतं. त्या दिवशी शिंगरू शेवटचं कुणाच्या हातात होतं हे सांगणारा तिच्या माहितीत एकच कागद होता, आणि तो सगळ्या दिशांनी एकाच माणसाकडे बोट दाखवत होता.

"टाकू?" वडिलांनी विचारलं.

नमुना नष्ट करायचा नाही, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण त्या वेळी तिने नाही म्हटलं ते त्यासाठी नाही. भट्टीशेजारी उभे असलेले वडील तिला एकदम लहान दिसले, आणि त्यांच्या हातून आणखी एक गोष्ट लपवली जाणं तिला बघवेना.

रात्री जेवताना आत्या म्हणाली, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. त्या घोडीकडे बघा, दोन घास जास्त खाल्लेत आज. भ्यायचं काम आपल्याकडे आलंय."

*

केसांचा अहवाल सहाव्या दिवशी आला. आई जुळली, बाप जुळला. टाचणी त्याच फार्मची, त्याच घोडीची मुलगी होती. ज्या दिवसाची मुलीने अर्ज भरल्यापासून वाट पाहिली होती तो हा दिवस. जात सिद्ध झाली होती, आणि त्याबरोबर हेही, की घोडी दुसऱ्याची आहे. त्याच पाकिटात नव्या मालकांच्या पत्राची प्रत होती. त्यांना त्यांचं जनावर परत हवं होतं.

त्या दुपारी कुणाला न सांगता ती डॉक्टरांकडे गेली. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. जिना चढताना ती मनात वाक्यं जुळवत होती. बाबांचा काही दोष नाही, हे पहिलं वाक्य तिने खोडलं. दोष होता. दार उघडेपर्यंत तिच्याकडे एकही वाक्य उरलं नाही.

"नालबंदाची ना तू?" डॉक्टर म्हणाले. "कपाळ त्याचंच आहे. ये."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर चौकटीत लावलेला त्यांच्या व्यवसायाचा परवाना. त्याची काच स्वच्छ होती. खोलीतल्या बाकी वस्तूंवर धूळ होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. वडील बरे आहेत का, हे विचारताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तिने दाखल्याची नक्कल टेबलावर उलगडली. मग म्हणाली, "ती जिवंत आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"पुढचे पाय?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहेत. आठ महिने पट्ट्या लावल्या होत्या बाबांनी."

"डावा जास्त वाईट होता."

"डाव्याचा खूर अजून थोडा उभा आहे. पण धावते."

ते खुर्चीत बसले. बसताना त्यांनी टेबलाची कड धरली होती आणि ती नंतरही सोडली नाही.

"मला वाटलं, त्याने हातोड्याने संपवलं," ते म्हणाले.

मुलीला समजलं नाही. त्यांनी मग सावकाश सांगितलं, तिच्याकडे न बघता, कागदाकडे बघत. सिरिंजमध्ये औषध नव्हतंच. सलाईन होतं, मिठाचं पाणी. अडलेल्या घोडीचा निरोप आला नसता तर त्यांनी दुसरं काही निमित्त काढलं असतं. त्यांना तिथे असायचं नव्हतं. त्यांनी हिशेब केला होता की नालबंद टोचेल, शिंगरू पडणार नाही, तो चक्रावेल, मग कागद बघेल आणि समजेल. विल्हेवाटीच्या रकान्यात त्या फार्मवर नेहमी 'पुरले' असं लिहीत. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम दुसरं लिहिलं, आणि घाईत असलेल्या मालकाने सही केली.

"तोंडाने का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तोही त्यात आला असता. आज तुझ्या बापाला शपथेवर विचारलं तर तो खरंच म्हणू शकतो, डॉक्टर काय करत होते मला माहीत नव्हतं." ते थांबले. "आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. तरुण नव्हतो मी तेव्हाही, पण भ्यायलो."

पण नालबंदाने कागद वाचलाच नाही. महिन्याभरात काम सोडलं आणि रस्त्यात तोंड चुकवायला लागला. डॉक्टरांनी त्यावरून एकच अर्थ काढला: सुईने काम झालं नाही, आणि हुकूम तर होता. नालबंदाच्या हातात दुसरं काय असतं? आपल्या भित्रेपणापायी त्या माणसाला ते करावं लागलं, म्हणून तो आपलं तोंड बघत नाही.

"अकरा वर्षं मी त्याला विचारलं नाही," ते म्हणाले. "हो म्हणाला असता तर?"

मुलगी कागदाकडे पाहत होती. तिसरी शक्यता, तिच्या मनात आलं. तपासनीस बाईंना सुचली नव्हती, आणि प्रयोगशाळेत बसून तिलाही सुचली नसती.

सुनावणीबद्दल ऐकल्यावर डॉक्टरांनी नववा रकाना दोनदा वाचला. फार्मने हक्क सोडलाय, पण शवावरचा, ते म्हणाले. शिंगरू तेव्हा जिवंत होतं आणि ते जाणूनबुजून दिलं, हे दाखला लिहिणाऱ्यानेच सांगितलं तर तो जिवंत जनावरावरचा ठरतो. नाही सांगितलं तर तुझा बाप चोर.

"आणि तुमचं?"

डॉक्टर उठले. खुर्ची भिंतीपाशी ओढत नेली आणि म्हणाले, "जरा धर ही. डुगडुगते."

तिने खुर्ची घट्ट धरली. ते वर चढले आणि त्यांनी परवान्याची चौकट खिळ्यावरून काढली. खाली उतरताना ती हात द्यायला गेली तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"ते पाण्याचं बापाला सांगू नकोस," दारात ते म्हणाले. "मी सांगेन. मला जमेल तसं."

*

सुनावणी पाऊण तास चालली. खोलीत पंखा होता आणि प्रत्येक जण आपापले कागद हाताने दाबून बसला होता. खाली आवारात कोंडवाड्याची गाडी उभी होती. मागचं फळकूट उघडून ठेवलेलं मुलीला खिडकीतून दिसत होतं, आणि तिने ठरवलं तरी तिकडे बघणं थांबेना.

वडिलांनी एकदाच तोंड उघडलं. घोडी कुठून आणली, असं विचारल्यावर ते म्हणाले, "फार्मवरून." तेव्हा मागच्या बाकावरून डॉक्टर उठले. वडिलांनी मान वळवून त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मुलीने त्यांचं मनगट धरलं. नाडी एवढी जोरात होती की मोजायची गरज नव्हती.

डॉक्टर थोडक्यात बोलले. दाखला माझा आहे. तो खोटा आहे. जनावर मी मारलं नाही, जिवंत या माणसाच्या ताब्यात दिलं, आणि तसं नवव्या रकान्यात लिहिलंय. खाली मालकाची सही आहे. मग त्यांनी पिशवीतून ती चौकट काढून टेबलावर ठेवली, काचेची बाजू वर करून.

तपासनीस बाईंनी गंजाचे डाग पडलेला कागद शेवटपर्यंत वाचला, पालथा करून पाहिला, आणि शेजारच्या अधिकाऱ्याकडे सरकवला. दोघं दबक्या आवाजात काही बोलले. शेवटी बाईंनी मोठी नोंदवही उघडली, पट्टी ठेवली आणि 'मृत' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. मालकाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी वडिलांना विचारलं, आणि वडिलांना स्वतःचं नाव सांगायला थोडा वेळ लागला.

गाडी रिकामी गेली.

परतताना वडील आणि डॉक्टर शेजारी चालत होते. दोघांमध्ये एका माणसाची जागा होती. वडील हळूच मुलीला म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलले ते. जिवंत दिलं म्हणाले."

अंगणात टाचणीने डॉक्टरांची बाही हुंगली. डॉक्टर वाकले आणि त्यांनी तिचा डावा खूर उचलून गुडघ्यावर घेतला. नालावर अंगठा फिरवला, खूर खाली ठेवला. मग त्यांचं लक्ष दोराकडे गेलं.

"एवढा आखूड का?"

वडील आत्याकडे पाहू लागले, मग मुलीकडे. कुणीच मदत केली नाही.

"ती सुई मी दिली नव्हती, डॉक्टर," ते म्हणाले. "घरी आणली. त्या कोपऱ्यात ओतली, सगळी. तिथलं गवत हिच्या तोंडाला लागू नये म्हणून."

डॉक्टरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. काठी टेकत ते तिकडे गेले. भिंतीला हात धरून खाली वाकले, हे करायला त्यांना बराच वेळ लागला, आणि गवताची एक लांब पात बुडापासून तोडली. न पुसता ती दातांत धरली आणि चावत परत यायला लागले.

वडील दोन पावलं पुढे धावले, हात पुढे झालेला, आणि तिथेच थांबले.

"जून झालंय," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर कापायला हवं होतं."

वडील त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. डॉक्टर चावत होते. आत्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मुलीने तिच्या हातावर हात ठेवला. घोडीने शेपटीने माशी हाकलली.

मग वडील भिंतीच्या कडीपाशी गेले आणि दोराच्या गाठीशी झटू लागले. गाठ अकरा वर्षं पावसात भिजून वाळलेली होती, वाकड्या बोटांनी सुटेना. त्यांनी मागे न बघता हात पुढे केला, आणि मुलीने खूर कोरायचा आकडा त्यात ठेवला.